एडिटरमागची पेरूची बाग
घरून काम करायची ती दोनेक वर्षं मला अजून हवीहवीशी वाटतात. राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर, पुढच्या खोलीत टेबल टाकून मी दिवसभर कोड लिहायचो. म्हणजे लिहायचो कमी, ज्यात कोड लिहितात तो एडिटर नटवण्यातच जास्त वेळ जायचा. नवरीलासुद्धा कोणी एवढं नटवत नसेल.

खिडकी पारदर्शक करण्याचं मला वेड होतं. एडिटरची खिडकी थोडी आरपार केली की तिच्यामागचं चित्र दिसतं. माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमच्याच पेरूच्या बागेचा फोटो होता, पुण्याच्या खोलीत एकटा राहताना लावलेला. तिथे कोडच्या ओळींमधून ती पानं दिसली की जिवाला बरं वाटायचं. घरी आल्यावर आई म्हणाली, "आरं, भाईर खरी बाग हाय की! अन हा फोटो बघत बसलाय. येडा का खुळा!" बरोबरच होतं तिचं, पण सवय सुटेना. अडचण एकच, फार आरपार केलं की अक्षरं पानांत हरवायची. त्यावर उपाय ब्लरचा. एक पट्टी सरकवली की मागचा फोटो धुरकट होतो, पुढची अक्षरं ठसठशीत राहतात. ही पट्टी कितीवर ठेवायची यात मी अख्ख्या दुपारी घालवल्यात. सांगायला लाज वाटते, पण घालवल्यात.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. जेवण झालं की ते माझ्या शेजारी खाटेवर येऊन बसायचे. पेरू निवडणं हे त्यांचं राज्य. तोडलेला माल गोणपाटावर ओतायचा आणि आप्पांनी नुसत्या नजरेने वेगळा करायचा, पहिल्या नंबरचा या क्रेटमध्ये, डागी त्या क्रेटमध्ये. दुसऱ्या कोणी हात लावला तर त्याची खैर नसायची. अलीकडे मात्र ते प्रत्येक फळ अंगठ्याने चाचपायला लागले होते. आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, "आप्पांना आता बघावंसुद्धा लागत नाही, हातच पारखी झालाय." त्याच हंगामात आमचा माल विकणाऱ्या आडत्याने दोन क्रेट परत पाठवले, पहिल्या नंबरात डागी फळं निघाली म्हणून. आप्पा त्याच्याशी कडाकडा भांडले. मीही फोनवर त्या बिचाऱ्याला नको नको ते बोललो.

एका दुपारी मीच म्हणालो, "आप्पा, तुमची नजर पक्की. किती धुरकट बरं दिसतं ते तुम्हीच सांगा." पट्टी शून्यावर आणली आणि हळूहळू सरकवत गेलो.

"बदललं का?"

"न्हाई."

पाच केले, दहा केले. "आता?"

"हाय तसंच हाय की."

मला आधी हसू आलं, मग राग. "अहो, नीट बघा ना! पानं पार विरघळली." वीसच्या पुढे गेलो तेव्हा कुठे ते म्हणाले, "हां, आता लई धुकं आलं."

मी पट्टी पुन्हा शून्यावर नेली. मला पेरूवरचा मुंगळासुद्धा दिसत होता. "आणि आता?"

"आता थोडंच धुकं ऱ्हायलं. झ्याक दिसतंय. हितंच ठिव."

माझा हात माऊसवरच राहिला. काहीतरी चुकलं हे त्यांनाही कळलं असावं, ते खाटेवरून उठायला लागले.

"आप्पा, बसा. कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

ते पुन्हा खाटेवर टेकले. मग एकदम उसळले, "डोळं गेलं म्हनलं असतं, तर फळापाशी बसू दिलं असतं का मला? तुमीच म्हनला असता, आप्पा, आता आराम करा. आराम करून काय करू रं मी?"

मी अगदी हेच म्हणालो असतो. मला स्वतःचीच फार चीड आली. दवाखान्याला ते एका अटीवर तयार झाले: नजर परत आली नाही तरी फळापासून कोणी उठवायचं नाही. मी आईची शपथ घेतली. ती आतून ओरडली, "माझी कशाला घेतोस? तुझी घे!"

मोतीबिंदू पार पिकलेला निघाला. अजून थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. नगरला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा मी खुर्ची ओढून समोरच बसलो होतो. आप्पांनी दोनतीनदा पापणी मिटली, उघडली. भिंतीकडे पाहिलं, आईकडे पाहून जरा हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि बघतच राहिले. हात पुढे करून त्यांनी माझ्या कानावरच्या केसांना लावला.

"आरं, हे कधी पांढरं झालं?"

"घरी आल्यावरच, आप्पा. तुमच्या शेजारी बसून."