मीटरच्या खोलीतला रंगारी

ओल्या रंगाचा वास आला की मला मांजलपूरची आमची जुनी सोसायटी आठवते. मी लहान होते. शेजारच्या गुजराती काकींची सोनसाखळी सापडेना, म्हणून लोकांनी आमच्याकडे रंग द्यायला आलेल्या बिहारी शंभूला मीटरच्या खोलीत कोंडलं.

"आ लोको एवाज होय," काकी म्हणाल्या; म्हणजे ही माणसं अशीच असतात.

"तो तर सकाळपासून आपल्याच घरात होता," मी आईला म्हटलं.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "गप्प राहा. आपण भाडेकरू, त्यात बाहेरचे."

आतून शंभू दार वाजवत होता. "भाभीजी, आप बताइए ना."

शेवटी साखळी काकींच्याच उशीखाली मिळाली. शंभूला सोडलं, तो परत आमच्याकडे आला आणि त्यानं उरलेली भिंत रंगवली. निघताना त्यानं विचारलं, "भाभीजी, आपका गाँव कहाँ है?"

"भुसावळ," आई खाली बघत म्हणाली.

तेव्हा मला तो सहज विचारतोय असं वाटलं. आता वाटतं, आई का बोलली नाही ते त्याला कळलं होतं.