रिकाम्या गाडीचं वजन

काटेकाकांचं रॉकेटशी काही देणंघेणं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचा संबंध ट्रकशी. खडी, वाळू, भंगार, जे काही चाकांवरून येईल ते वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर चढायचं. काका बाजूच्या खोलीत खिडकीमागे बसून आकडा स्थिर व्हायची वाट बघायचे आणि मग चिठ्ठी फाडून द्यायचे. एकतीस वर्षं हेच. खोलीत एक टेबल, एक पंखा, एक जुना कॉम्प्युटर आणि भिंतीवर त्यांच्याच हातची पाटी: 'रिकामं वजन तोंडी सांगू नये.'

ही पाटी का, तर त्यालाही कारण आहे. मालाचं वजन काढायचं तर गाडी दोनदा तोलावी लागते, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. एक ड्रायव्हर होता, अकरा वर्षांच्या ओळखीचा, अगदी घरच्यासारखा. रिकामी गाडी तीच, वजनही तेच, मग रोज कशाला चढवायची-उतरवायची, असं तो म्हणायचा आणि काका तो सांगेल तो आकडा लिहायचे. पुढे उघडकीला आलं की पठ्ठ्याने गाडीखाली पाण्याची टाकी बसवली होती आणि भरून आणत होता. लोक कितीतरी दिवस खडीच्या भावाने पाणी घेत होते. काकांना लेखी ताकीद मिळाली. तेव्हापासून सख्खा मेहुणा जरी गाडी घेऊन आला, तरी काका त्याला आधी रिकामी चढव म्हणायचे. मेहुणा अजून नीट बोलत नाही.

आता दोन गाड्यांच्या मधे वेळच वेळ असतो. त्या वेळात काका एका पुस्तकावरून प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि टन, क्विंटल, पौंड अशी वजनं एकमेकांत बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. शेवटचा अपूर्णांकही इकडचा तिकडे व्हायचा नाही. तो त्यांनी इंटरनेटवर ठेवला, ओपन सोर्स म्हणतात तसा. म्हणजे आतलं सगळं उघडं, ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, चूक दिसली तर कळवावं. लोकांनी नेला. कळवलंही. एकोणीस वर्षं काका रोज संध्याकाळी जेवणाआधी त्या तक्रारींना उत्तरं देत होते आणि काकू शेंगा निवडता निवडता म्हणत होत्या की घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात त्या तुम्हीच. यात खोटं काहीच नव्हतं.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढायची तर एक गुप्त किल्ली लावावी लागे. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ. ती लागली की जगभरची कॉम्प्युटरं नवी आवृत्ती मुकाट घेत. ती फक्त काकांकडे होती.

मदतीला एकच माणूस, तोही कधी न पाहिलेला. चार वर्षांपूर्वी 'कासव' या नावाने कुणीतरी एक चूक दुरुस्त करून पाठवली, मग दुसरी, मग रोजच. उद्धट माणसाला कासव असं काही सौम्य उत्तर द्यायचं की तो पुढच्या वेळी 'नमस्कार' लिहून सुरुवात करायचा. काकांनी मनातल्या मनात कासवाचा एक तिशीतला, बारीक मिशीचा माणूस करून ठेवला होता. नाव विचारलं नाही. त्यानेही काकांना कधी काही विचारलं नाही.

मग काकांच्या उजव्या डोळ्याला सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आतल्या पडद्याला छिद्र पडलंय म्हणाल्या. ऑपरेशन करायचं, आठवडाभर पालथं झोपायचं आणि दीड महिना स्क्रीनकडे बघायचंही नाही. उशीर केलात, तर आज आहे तेवढी नजरसुद्धा परत यायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा काकूंकडे बघून सांगितलं.

वजनकाट्यावर बदली माणूस मिळाला. प्रोग्रॅमचं काय? काकांनी प्रोग्रॅमच्या पानावरच, सगळ्यांदेखत, कासवाला विचारलं, दीड महिना किल्ली सांभाळशील का? कासवाने लिहिलं, सांभाळीन, तुम्ही डोळा सांभाळा. ऑपरेशनची तारीख ठरली. काकू पहिल्यांदाच कासवाबद्दल चांगलं बोलल्या.

इथे जावईबापू येतात.

जावई टाइल्सच्या दुकानात कामाला. पण खासगी रॉकेट कंपन्यांबद्दल त्याचं मत ऐकायला दुकानात जायची गरज नाही, ते इंटरनेटवर दिवसाला आठ-दहा वेळा मिळतं. कुठलं रॉकेट उडेल, कुठलं पडेल, कुठल्या कंपनीचं इंजिन कच्चं आहे, सगळं त्याला पाठ. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो, जावयाला तोही लागत नसे. तर एका कंपनीने आपल्या रॉकेटात वापरलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांची यादी जाहीर केली. चारशे नावं होती. जावयाने ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि दोनशे एकोणनव्वदाव्या ओळीत त्याला सासरे सापडले. रॉकेटच्या इंधनाचं वजन काकांचा प्रोग्रॅम बदलून देत होता.

झालं. त्याने लगेच लिहिलं: 'माझे सासरे वजनकाट्यावर बसतात आणि हे रॉकेट त्यांच्या हिशोबावर उडतं.' अभिमानाने लिहिलं हो, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यावर तीन हजार माणसांचं मत येऊन पडलं होतं. एवढा पैसा ओततात आणि इंधन कुणा काटेवाल्याच्या भरवशावर, असं अर्धे म्हणाले. उरलेल्यांनी त्यांना झापलं. अहो, यालाच तर ओपन सोर्स म्हणतात, सगळं उघडं असतं, हजारो डोळे तपासत असतात, म्हणून तर ते सुरक्षित. काकांनी हे वाचलं आणि मनाशी मोजलं. एकोणीस वर्षांत तो प्रोग्रॅम अथपासून इतिपर्यंत वाचणारे डोळे एकंदर चार. त्यातले दोन त्यांचेच, आणि त्यातल्या एकाला छिद्र.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण लोक आता प्रोग्रॅम खरंच उघडून बघायला लागले, आणि एकाला त्यात खरीच एक फट सापडली. मुद्दाम वेडावाकडा आकडा दिला, तर प्रोग्रॅम भलतंच उत्तर देऊन मोकळा होत होता. बुजवायला महिनाभराचं काम. कासवाने लगेच हातात घेतलं. काकांचा जीव भांड्यात पडला, तो जेमतेम दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं की हे कासव कोण आहे? तोंड नाही, नाव नाही, चार वर्षं गोड वागणं, आणि आता हातात किल्ली येणार. घरफोड्या अशाच होतात. अकराशे लोकांनी माना डोलावल्या.

काकांनी आधी उडवून लावलं. पण सकाळी खोलीत बसले आणि समोर पाटी. चार वर्षांच्या ओळखीत कासवाने एकदाही रिकामी गाडी दाखवली नव्हती, सगळं तोंडी. काकांनी दोन दिवस काढले, मग बसून लिहिलं. नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, व्हिडिओवर समोर या, कुठे काम करता ते कळू द्या. गैरसमज नसावा, मी मेहुण्यालाही सोडत नाही.

कासवाने कधी उत्तराला उशीर केला नव्हता. या वेळी दोन दिवस लागले. 'ठीक आहे. रविवारी अकरा वाजता,' एवढंच आलं.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मागे लेक आणि जावई. स्क्रीनवर एक साठीची बाई आली, पांढरे केस आखूड कापलेले, मागे नीट घडी घातलेल्या पांघरुणाचा पलंग. काकांनी क्षणभर वाट पाहिली, बाई मुलाला हाक मारतील म्हणून. बाईंनी ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरलं, नाव सांगितलं, गॅसच्या एका कारखान्यात दाब तपासायच्या, आता नोकरी नाही, हेही सांगितलं. पाच मिनिटांत आटोपलं. काका म्हणाले, तसं तुम्ही आधीच सांगितलं असतंत तरी चाललं असतं. त्या जरा हसल्या. मग त्यांनी काकांच्या डोळ्याची चौकशी केली, पालथं झोपताना कपाळाखाली कशी उशी घ्यायची तेही सांगितलं. सगळं चोख होतं. काकांना आपण शंका घेतली याची लाजच वाटली.

काकू स्वयंपाकघरात गेल्या तेवढ्यात जावयाने लिहून टाकलं: 'पटली ओळख! कासव म्हणजे अमुक अमुक बाई. आता तरी गप्प बसा.' नावासकट. तोंडं बंद करायची होती ना त्याला.

तोंडं बंद झाली नाहीत. तासाभरात कुणीतरी सतरा वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचं कात्रण शोधून आणलं. त्या कारखान्यात स्फोट झाला होता, दोन माणसं गेली होती आणि दाब तपासणारी म्हणून या बाईंचं नाव छापून आलं होतं, फोटोसकट. तीन वर्षांनी चौकशीत त्या निर्दोष सुटल्या, ती बातमी आतल्या पानावर चार ओळींची होती. ती कुणी शोधली नाही. आता रॉकेटच्या इंधनालाही हिचाच हात लागणार का, असं एकाने विचारलं, आणि मग विचारणारे वाढत गेले. लेकीने नवऱ्याचा फोन काढून घेतला.

संध्याकाळी काकांना कासवाचं पत्र आलं.

'तुमच्यावर राग नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, आयुष्यभर तेच काम केलं. सरकारी चौकशी तीन वर्षांत संपली, लोकांची संपेना, म्हणून मी इथे येत होते. इथे चार वर्षं मला कुणी, तू कोण, असं विचारलं नव्हतं. फटीचं काम अर्धं झालंय. जिथे सोडलं तिथे खूण केली आहे. डोळ्याला जपा.'

काकांनी लगेच उत्तर लिहिलं. माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. सहाव्या दिवशी लिहायला गेले तर ते खातंच बंद झालेलं होतं.

इंटरनेटवर मात्र काकांचं भलतंच नाव झालं. सुरक्षितता म्हणजे काय ते या काटेवाल्याकडून शिका, असं मोठमोठ्या माणसांनी लिहिलं. रॉकेट कंपनीने आभाराचं पत्र पाठवलं, चांगल्या जाड कागदावर. त्याच पत्रात, उड्डाणाआधी फट बुजलेली असावी, अशी विनंतीही होती. पाच आठवडे हातात होते. मदत करायला, मत सोडून दुसरं काही घेऊन, एकही माणूस आला नाही.

मंगळवारी काकांनी दवाखान्यात फोन लावला आणि ऑपरेशन पुढे ढकला म्हणाले. पलीकडच्या मुलीने सांगितलं, पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची आहे, आणि डॉक्टरांनी कागदावर 'उशीर नको' असं लिहिलंय. काका म्हणाले, माहीत आहे.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं.

"बदली माणूस मिळाला नाही, असं लिहा."

तिने ते लिहून घेतलं असावं, कारण पुढे काही विचारलं नाही. काकांनी फोन ठेवला, स्क्रीनवरची अक्षरं होतील तेवढी मोठी केली आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून कासवाने केलेली खूण शोधायला लागले. काकू दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर केली नाही.

"चोर तरी कुठे होता," ते म्हणाले. "मदतीला तीच एक होती."