तोंड न हुंगणाऱ्या बिराजदार मॅडम

बिराजदार मॅडमनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. कॉलेजनं त्यांना 'दारूची बाजू घेणारी बाई' ठरवून रेक्टरपदावरून काढलं.

काल त्या गेल्या.

आज त्याच कॉलेजनं त्यांचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, 'शिस्तप्रिय रेक्टर हरपल्या.'

वाचून डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. ज्याला राग यायचाय त्याला येऊ दे.

मी तेव्हा सेकंड इयरला, धाराशिवला मुलींच्या हॉस्टेलवर. त्या वर्षी मुलांच्या हॉस्टेलच्या गच्चीवर दारूच्या बाटल्या सापडल्या. झालं, प्रिन्सिपल सरांनी नियम काढला. गेटवर प्रत्येकाचं तोंड हुंगायचं. वास आला की नाव नोटीस बोर्डावर, घरी फोन आणि हॉस्टेल बंद.

बाटल्या मुलांच्या, पण तोंडं आमचीही हुंगायची!

तशात आली येळवस. आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, वेळ अमावस्येला आमचा अख्खा जिल्हा शेतात जेवतो. पालेभाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीची भाकरी आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, वर लसूण-जिरं, आणि मातीच्या बिंदगीतून तांब्या तांब्या प्यायची. नशा नसते. झोप मात्र अशी येते की विचारू नका.

मी माकणीला आमच्या शेतात चार तांबे रिचवले, कडब्याच्या कोपीत ताणून दिली, आणि संध्याकाळच्या बसनं परत आले. डोळे लाल. तोंडाला आंबूस लसणाचा वास. वर ढेकळात पाय मुरगळलेला, म्हणून चालणं तिरकं.

गेटवर त्या दिवशी खुद्द प्रिन्सिपल सर उभे. सर बाहेरच्या जिल्ह्यातले, नवीनच आलेले.

"काय प्यायलीस?"

"आंबील, सर."

"हा लोकल ब्रँड आहे का?"

मागच्या पोरी फिस्सकन हसल्या. मला रडू फुटलं. कारण मला माहीत होतं पुढं काय. आत्यानं स्थळ आणूनच ठेवलं होतं. बोर्डावर नाव लागलं असतं तर वडिलांनी आंबील होती की दारू हे विचारलंच नसतं. थेट गाठोडं बांधून माकणी, आणि उन्हाळ्यात लग्न. शिक्षण खलास.

आवाज ऐकून बिराजदार मॅडम आल्या. उमरग्याकडच्या. घरात कानडी, कपाळाला विभूती, बोलणं तोडून.

सर म्हणाले, "मॅडम, हिचं तोंड हुंगा आणि सांगा."

"न्हाय हुंगणार."

"का?"

"सर, ते काम माझं न्हाय. पोरगी धड हाय का न्हाय, एवढं बघायचं काम माझं." मग माझ्याकडं वळून, "पाय का लंगडतोय गं?"

सर चिडले. "आज आंबील म्हणते. उद्या खरंच कुणी पिऊन आली तर?"

"तर आधी कुशीवर झोपवीन. शुद्ध हाय का बघीन. लागलं तर दवाखान्यात नेईन. बोलायचं ते सकाळी, ती न् मी, दार लावून. बोर्डावर न्हाय."

"म्हणजे तुम्ही दारूची बाजू घेता?"

"लेकीची घेते."

मला हाताला धरून आत नेलं. पायाला हळद लावली. माझं नाव बोर्डावर लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात स्टाफमधल्या कुणीतरी सरांना घरची आंबील पाजली म्हणे. सर मीटिंगमध्ये पेंगले. त्यांचं तोंड कुणी हुंगलं नाही.

इथपर्यंत गोष्ट गमतीची आहे. पुढची नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्यातली एक खरंच प्यायली. पहिल्यांदाच. किती प्यावी कळलं नाही. भर दुपारी उलट्या, अंग गार, हाक मारली तर ओ नाही.

बोर्डाची भीती एवढी, की पोरी म्हणाल्या, दार लावू, लिंबू पाजू, उतरेल. पण एकीला गेटवरचं ते बोलणं आठवलं, आणि ती मॅडमकडं पळाली.

मॅडम आल्या. एक प्रश्न विचारला नाही. रिक्षात तिला कुशीवर धरून बसल्या आणि दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

सरांनी नाव मागितलं. मॅडमनी दिलं नाही. पुन्हा मागितलं. पुन्हा नाही.

मग मॅडमचं रेक्टरपद गेलं.

तिचं नाव मला माहीत आहे. मीही सांगणार नाही. ती पोरगी जिवंत आहे. पुरे.

खोली रिकामी करताना मॅडम आम्हाला म्हणाल्या, "रेक्टर न्हाय आता मी. फोन तर हाय की माझा. काय बी झालं, कसल्या बी हालतीत असा, फोन लावा."

पोरी लावायच्या. आमच्यानंतरच्या बॅचसुद्धा. मॅडम उचलायच्या.

आता त्या गेटवर हुंगायला मशीन आलंय म्हणे. बोर्ड तोच आहे.

कुणी कमेंटमध्ये मला संस्कृती शिकवायला येऊ नका. मी दारूचं कौतुक करत नाही. पोरांनो, पिऊ नका. माझ्या वर्गात मीही हेच सांगते. हो, मी आज शिकवते. त्या बाईमुळं शिकवते.

पण नियम असा असेल की पोरगी मरेल यापेक्षा तिच्या मैत्रिणींना बोर्डाची भीती जास्त वाटते, तर तो नियम मी मानत नाही. तेव्हा मानला नाही, आजही नाही. आणि 'शिस्तप्रिय' लिहिणाऱ्यांनो, शोकसभेत मला दोन शब्द बोलायला बोलवाच. हेच बोलणार आहे.

काल अंत्यविधीहून परतताना आमच्या बॅचच्या पाचजणींनी ठरवलं. आमची गावं पाच: धाराशिव, उमरगा, कळंब, वाशी, परंडा. पाचही जणींचे नंबर खाली पहिल्या कमेंटमध्ये आहेत. कुठल्याही हॉस्टेलवरून लावा. प्यायलेली असो, नसो. नाव विचारणार नाही. आधी येऊ.

मॅडम, निवांत जा.

फोन आम्ही उचलतो.