शेवंताच्या पदराखालची गाठ

बायांनो, जिला वाचता येतं तिनं हे बाकीच्यांना वाचून दाखवा.

माझी धाकटी जाऊ शेवंता मानेला हळदीचा लेप लावायची. "गंडमाळ हाये, जाईल," म्हणायची. आज तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं, सासूबाई संगं होत्या.

डाक्तर म्हणाले, "पदर बाजूला करा."

सासूबाई म्हणाल्या, "वरूनच बघा. दुखत न्हाई तिला."

"आत्याबाई, लुगड्यातून दिसत न्हाई कुणाला," असं सासूबाईंना म्हणत मीच पदर ओढला. गाठ चांगली लिंबाएवढी निघाली.

डाक्तरनं ती चाचपली. म्हणाले, "ही गंडमाळ न्हाई. मांसातली गाठ हाये, अशी क्वचितच दिसते. सरतान, म्हणजे कर्करोग असू शकतो. दुखत न्हाई म्हणूनच वाढू दिली तुमी." आता बारका तुकडा काढून हैदराबादला तपासायला पाठवणार. तसंच निघालं तर गाठ भोवतालच्या मांसासकट कापावी लागंल.

येताना गाडीत मी शेवंताला विचारलं, "एवढी मोठी गाठ काहून लपवलीस?"

"लपवली न्हाई, जाऊबाई. दाखवू कुणाला?"

आमी दोघी एकाच चुलीवर भाकरी करतो. तुमच्या घरात अशी गाठ कुणाला दाखवता येईल, सांगा बरं?