मुलुंड ते अंधेरी, एका फ्रेंच मेंढपाळणीसाठी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं आणि आमच्या मालतीने सुई खाली ठेवली. नव्या नजरेने तिने जन्मभराचे टेबलक्लॉथ पाहिले. "शी! सगळे टाके वाकडे. आता नाही हो भरायची मी."

तेवढ्यात अंधेरीहून तिची मैत्रीण ग्रेस हिचा फोन. घर आवरतेय, भरतकामाचा जुना फ्रेंच संच पडलाय, घेऊन जा. मालती म्हणाली, "नको." मी पिशवी घेऊन निघालो.

मुलुंडहून घाटकोपरपर्यंत बस, पुढे मेट्रो. दाराशी उभे राहा, मरोळच्या आसपास विमान अगदी डोक्यावरून जातं.

ग्रेसने डबा उघडला. जाळीच्या कापडावर छापलेली मेंढपाळीण, कोकरू, हिरवं कुरण! शाळेत कविता घोकताना ज्या कुरणात मी लोळायचो, ते इतक्या वर्षांनी अंधेरीत सापडलं, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

नवशिक्यांनो, जाळीच्या प्रत्येक चौकटीवर एकच तिरका टाका, सगळे एकाच दिशेने. आणि संचातली लोकर घेतानाच तपासा. मी परतीच्या मेट्रोत तपासली. चेहऱ्याची गुलाबी लोकर तेवढी कसरीने खाल्ली होती.

घाटकोपरला मॅचिंग सेंटरमध्ये लोकरही ठेवतात. साडी न्यावी तशी मी मेंढपाळीण काउंटरवर पसरली. "काका, ट्यूबलाइटमध्ये रंग कळत नाही. बाहेर उन्हात बघा ना," दुकानदार म्हणाला. फुटपाथवर मी तिच्या गालाला लोकरी लावून बघू लागलो. दोन बायका थांबल्या.

"गोरी आहे का मुलगी?"

"फ्रेंच आहे."

"असू दे, गव्हाळच घ्या. करते काय?"

"मेंढ्या राखते."

"म्हणजे घरची शेती असणार," दुसरी समाधानाने म्हणाली. "पण काका, नाक मोकळं का? नथ नको?"

गव्हाळ लोकर घेतली. घरी मालतीने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मीच बसलो. गालावर चार टाके इकडे, चार तिकडे. मेंढपाळणीची दाढ सुजली. स्वयंपाकघराच्या दारातून मालती बराच वेळ हे बघत होती.

"अहो, काय वाट लावलीत पोरीची! सरका. आणि नाकाला हात लावायचा नाही."

आता मेंढपाळीण आमच्या हॉलमध्ये आहे, गव्हाळ, नथ घातलेली. कोकरू तिला ओळख देत नाही. माझा सुजलेला गाल मालतीने उसवला नाही. नथीतला एक टाका उलटा पडलाय, तिचा. तो तिला रोज दिसतो.

"राहू दे," म्हणते, आणि कुरणाची हिरवी लोकर सुईत ओवते.