आमच्या शाळेतला रस्त्याचा कप्पा

बदली झाली तेव्हा माझं सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. किस्से मात्र अजून मागून येतातच आहेत. पाथरीकडच्या या नव्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी म्हणतं, "बाई, तुमच्या त्या शाळेतलं सांगा." मी एक सांगायला घेते, त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा. घंटा होते आणि माझी भाजी तशीच राहते. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावेत.

ती शाळा गंगाखेडहून राणीसावरगावला जाणाऱ्या रस्त्यावर. गाव रस्त्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या. गावाचं नाव राहू द्या. पूर्वी त्या रस्त्याला असे खड्डे होते की जीपसुद्धा बैलगाडीच्या चालीनं जायची. मग रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला, आणि गाड्या सुसाट सुटल्या. पोरांना शाळेत येणं हीच रोजची परीक्षा होऊन बसली. स्टाफ म्हणजे मुख्याध्यापक कदम गुरुजी, मी, आणि खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाई.

रस्ता झाला त्या वर्षी गुरुजींनी कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला. त्यात फक्त रस्ता ओलांडायची पुस्तकं ठेवायची, असं ठरवलं. ऑफिसातून आलेल्या सुरक्षेच्या पुस्तिका, कोंबड्या-बदकांच्या चित्रगोष्टी, रद्दीतून उचललेलं एखादं कव्हर नसलेलं पुस्तक. कप्प्यावर खडूनं लिहिलं, 'रस्ता'. दर शनिवारी सकाळच्या शाळेत त्यातलं एक पुस्तक वाचायचं. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. आजही कुठं तो वास आला की मला शनिवार आठवतो.

*

पहिल्याच पुस्तिकेत पहिलंच वाक्य होतं, की रस्ता नेहमी झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडावा. शेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चित्र. दुसरीतल्या वैष्णवीनं विचारलं, आपला झेब्रा कुठाय? गुरुजी म्हणाले, आपल्याकडं नाही, गंगाखेडला असेल. ती रविवारी आईबरोबर बाजाराला गेली आणि सोमवारी येऊन सांगितलं, "सर, तिथं बी न्हाई. मी समदीकडं बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर गुरुजी रस्त्यात वाकून कबड्डीच्या मैदानाला मारायची फक्की ओतत होते. मी एका बाजूनं दोरी धरली, सुमनबाईंनी दुसऱ्या. सात पट्टे झाले. सरळ म्हणता येणार नाहीत, पण पट्टे होते.

तेवढ्यात राणीसावरगावची एसटी आली. ड्रायव्हरनं पट्ट्यांच्या अलीकडं गाडी उभी केली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "गुरुजी, कोन येनार हाय?"

त्याला वाटलं, कुणी मंत्री येतोय.

गुरुजी कंबर धरून उभे राहिले. म्हणाले, "पोरं येणार आहेत."

फक्की दुपारपर्यंत टायरांनी पुसून नेली. पण तो ड्रायव्हर त्या रूटवर होता तोवर, पट्टे असोत नसोत, तिथं थांबायचा.

*

एका शनिवारी कोंबडीची गोष्ट वाचली. कोंबडीला पाच पिल्लं घेऊन पलीकडं जायचं असतं. ती दोन्हीकडं बघते, पुढं होते, आणि पिल्लं रांगेनं मागून जातात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिसरीतली रुक्मिण तेवढी गप्प बसून होती. तिच्या घरी मेंढरं. घरातली सगळी माणसं वर्षाचे सहा महिने कळपामागं चालणारी.

मी विचारलं, गोष्ट आवडली नाही का?

"कोंबडीला अक्कल न्हाई," ती म्हणाली. "ती पुढं गेली. मागं कोन हाय?"

मग तिनं आम्हाला समजावलं. त्यांची मेंढरं रस्ता ओलांडतात तेव्हा बाप पुढं जात नाही. तो रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभा राहतो. आई सगळ्यात शेवटी. शेवटचं कोकरू पलीकडं पोचेपर्यंत बाप जागचा हलत नाही.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. माझी बारा वर्षांची नोकरी आणि त्यांची त्याहून दुप्पट, पण आम्ही दोघं रोज त्या कोंबडीसारखेच पुढं चालत होतो.

सोमवारपासून गुरुजी रस्त्याच्या मध्यावर, मी सगळ्यात मागं. रुक्मिण कडेला उभी राहून बघायची, बरोबर चाललंय का. तिसऱ्या दिवशी गुरुजींचा मोबाइल वाजला आणि त्यांनी खिशातून काढून नुसतं नाव बघितलं. तेवढ्यात कडेहून आवाज आला, "सर, फोनमधी बघू नका. मेंढरं बावरतेत."

*

आता उजव्या-डाव्याचं सांगते. सगळ्या पुस्तकांत एकच लिहिलेलं असतं, की आधी उजवीकडं बघा, मग डावीकडं, मग परत उजवीकडं. पहिलीच्या पोरांना उजवा हात जेवायचा, एवढं कळतं. पण रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की सगळा गोंधळ. त्यात एकानं विचारलं, घरी जाताना उजवी बदलते का?

शेवटी मीच युक्ती काढली. शाळेतून घरी जाताना आधी गंगाखेडकडं बघायचं, मग राणीसावरगावकडं, मग परत गंगाखेड. शाळेत येताना उलटं. आठ दिवसांत पहिलीचा वर्ग तोंडपाठ. मी स्वतःवर लय खूश.

त्या हिवाळ्यात सहल पाथरीला नेली. दर्शन झालं, जेवणं झाली, आता रस्ता ओलांडून गाडीकडं जायचं. पोरं शिस्तीत कडेला थांबली. थांबली ती थांबलीच. कुणी पाऊल उचलेना. मी मागं होते, मला कळेना काय झालं. पुढं जाऊन बघते तर वैष्णवी एका जीपवाल्याला विचारत होती, "काका, गंगाखेड कुनीकडं हाय?"

जीपवाला भला माणूस. म्हणाला, इथून थेट जीप मिळणार नाही, आधी सोनपेठला जावं लागेल.

"जायचं न्हाई," ती म्हणाली. "नुसतं बघायचंय."

*

गावातले आबा नव्वदीच्या आसपासचे. दात एकही नाही, पण आवाज खणखणीत. शनिवारी व्हरांड्यात येऊन बसायचे आणि पोरांबरोबर पुस्तक ऐकायचे. एकदा म्हणाले, हे तर मी लहानपणी शिकलोय. त्यांची शाळा निजामाच्या वेळची, उर्दूतली, गंगाखेडला मामाकडं राहून केलेली. गुरुजींनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि धडा म्हणायला सांगितलं.

आबांनी डोळे मिटले आणि एका दमात धडा म्हणून टाकला. शब्द मला फारसे कळले नाहीत. पण म्हणता म्हणता त्यांची मान उजवीकडं वळली, डावीकडं वळली, परत उजवीकडं आली. सगळी शाळा त्यांच्याबरोबर मान वळवत होती.

मी विचारलं, आबा, तेव्हा तुम्ही कोणता रस्ता ओलांडायचात?

"रस्ता कुठला? गाडीवाट होती. दिवसाकाठी एखादं छकडं जायचं."

मग धडा कशाला पाठ केला?

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की ही बाई मास्तरीण झालीच कशी. "पाठ न्हाई केला तर मास्तर मारायचे," ते म्हणाले.

दोन वर्षांनी आबा गेले. घरी, खाटेवर, झोपेत. त्यांच्या सुनेनं मला सांगितलं, शेवटपर्यंत रस्त्यापलीकडं यायचं असलं की म्हातारा कडेला उभा राहून पुटपुटायचा, आणि ते संपल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही.

*

सुमनबाईंना वाचता येत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली बाई. शनिवारी खिचडी चुलीवर चढवून दारात येऊन बसायच्या, पदर तोंडाला लावून ऐकायच्या. एक दिवस मला हळूच म्हणाल्या, ते मोठ्या अक्षराचं पुस्तक घरी नेऊ का. त्यात एका पानाला एकच ओळ होती आणि खाली चित्र. त्यांनी ते नेलं, आणि महिनाभर रोज दुपारी भांडी घासून झाली की माझ्यापाशी बसून एक एक अक्षर पक्कं केलं. चुकलं की कपाळावर हात मारून घ्यायच्या. मला त्या दुपारी फार आठवतात. बाहेर ऊन, आत पोरं पाढे म्हणतायत, आणि सुमनबाई बोट ठेवून 'थां... बा' वाचतायत.

रस्ता झाला तेव्हा ठेकेदाराची माणसं शाळेच्या फाटकाजवळ एक मोठी पिवळी पाटी बसवून गेले होते. वर्ष होऊन गेलं होतं. आम्ही रोज तिच्या शेजारून जायचो. एका सकाळी सुमनबाई मैदानात पाटीसमोर उभ्या. हातात पाण्याची कळशी. ओठ हलतायत. मी थांबले. त्यांनी एक एक अक्षर जोडत सगळं वाचलं. 'पुढे शाळा आहे. वाहने सावकाश चालवा.'

मी शाबास म्हणणार, तेवढ्यात त्या गुरुजींकडं वळल्या.

"गुरुजी, हे आपल्याला कशाला सांगायलेत? आपून तर शाळंतच हाव की."

गुरुजींनी पाटीकडं बघितलं. मग रस्त्याकडं. मग माझ्याकडं. पाटीचं तोंड वर्षभर शाळेच्या मैदानाकडं होतं. रस्त्यावरून येणाऱ्याला दिसायचा तो नुसता पाठीचा पत्रा. आम्ही दोघं शिकलेली माणसं रोज ती वाचत होतो, आणि ती आम्हाला सांगतेय याचं आम्हाला काहीच वाटलं नव्हतं.

अर्ज कुणाला लिहायचा यावर आमची चर्चा चालू असतानाच रुक्मिणचा बाप पहार घेऊन आला आणि दुपारच्या आत पाटी फिरवून गेला.

*

हा शेवटचा. हा सांगताना मी डबा बाजूला ठेवते.

शाळा सुटलेली. गुरुजी मध्यावर, मी मागं, पोरं मधून चाललेली. दुसरीतल्या एका पोरीची चप्पल रस्त्यात राहिली. ती पलीकडं पोचली होती. गुरुजी मध्यावरून निघाले होते. ती मागं वळली आणि चपलेसाठी धावली. गंगाखेडकडून ट्रक येत होता.

ब्रेकचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ट्रक थांबला तेव्हा पोरगी आणि बंपर यांच्यामध्ये हातभर जागा होती. तिच्या हातात चप्पल होती. गुरुजींनी तिला उचललं, आणि ती रडण्याआधी मीच रडले.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरेना. सुमनबाईंनी जाऊन दार उघडलं, आणि हाताला धरून त्याला उतरवलं. उंच, मिशीवाला, राजस्थानकडचा माणूस. आम्ही त्याला व्हरांड्यात बसवलं. गुरुजी शेजारी बसले. तो पोरीकडं बघून एवढंच म्हणाला, "मेरी भी इतनी ही है."

जायला निघाला तेव्हा गुरुजींनी कप्प्यातून एक चित्रांचं पुस्तक काढून त्याला दिलं. शाळा, झाडं, रांगेनं रस्ता ओलांडणारी पोरं, आणि थांबलेला एक ट्रक. तो म्हणाला, मराठी येत नाही. गुरुजी म्हणाले, चित्रं आहेत, लेकीला दाखव. रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. परत करायच्या तारखेची जागा कोरी ठेवली. मला वाटलं, गेलं ते पुस्तक.

चार-पाच महिने झाले असतील. मधल्या सुट्टीच्या सुमारास रस्त्यापलीकडं एक ट्रक येऊन उभा राहिला. तोच माणूस उतरला, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कडेला थांबला, नीट दोन्हीकडं बघितलं आणि चालत आला. पोरं खिडकीला चिकटली होती.

पुस्तक होतं. गुरुजींनी पानं उलटली आणि ट्रकच्या पानावर थांबले. मग पुस्तक माझ्याकडं दिलं. छापलेल्या चित्रात ट्रकची काच रिकामी होती. आता तिथं लहानग्या हातानं, रंगीत खडूनं एक माणूस काढलेला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मोठाल्या मिश्या. आणि तोंड पोरांकडं वळलेलं.

गुरुजींनी रजिस्टर उघडलं, त्याच्या नावापुढं 'जमा' लिहिलं. पुढचा रकाना होता पुस्तकाच्या स्थितीचा. तिथं आम्ही नेहमी 'ठीक' किंवा 'फाटके' लिहायचो. गुरुजी पेन धरून थोडे थांबले, आणि लिहिलं, 'पूर्ण'.