ते सर हे नव्हते

मधली सुट्टी झाली होती. मुलं खिचडीच्या ताटल्या घेऊन बसली होती आणि मी व्हरांड्यात उभी राहून त्यांच्यावर लक्ष ठेवत होते. शाळेतल्या दुसऱ्या बाई मोबाईल छातीशी धरून माझ्याजवळ आल्या.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या, "पण हे तुमचेच मिस्टर ना?"

फोटो माझ्या ओळखीचा होता. तालुक्याच्या स्पर्धेत यांचा मुलींचा खो-खोचा संघ जिंकला, तेव्हाचा. मुली ढाल मांडीवर घेऊन बसलेल्या आणि मागे हे, हात पाठीशी बांधून. यांच्या चेहऱ्याभोवती कोणीतरी लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, 'कोपरगावचा हाच तो नराधम. मुलींना खेळ शिकवतो म्हणे. तोंड दाखवायला जागा राहू नये इतका शेअर करा.' मुलींचे चेहरे कोणी झाकले नव्हते. त्यांत आमची मुलगीही होती.

मी वर्गावर गेले नाही. केंद्रप्रमुखांना फोन केला आणि गाडी काढली. उसाच्या ट्रॅक्टरमागून घरी यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पूर्ण रस्ताभर मला एकच वाटत होतं, ही कुठलीतरी चूक आहे आणि मी पोचेपर्यंत कोणीतरी ती दुरुस्त केलेली असेल.

हे एका खाजगी शाळेत क्रीडाशिक्षक. शाळा भरायच्या आधी आमच्या वस्तीमागच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायचे. फी नव्हती. शेतमजुरांच्या, भाजी विकणाऱ्यांच्या, कारखान्यात कामाला असणाऱ्यांच्या मुली यायच्या. यांना दुसरा कसला शौक नव्हता. रविवारीसुद्धा फक्कीची पाटी घेऊन मैदान आखायला जायचे.

घरी आले तेव्हा हे पुढच्या खोलीत बसले होते. शाळेने घरी पाठवलं होतं. "मुख्याध्यापक म्हणाले, माझा विश्वास आहे, पण पालकांचे फोन थांबत नाहीत. थोडे दिवस घरी राहा," यांनी सांगितलं. मग म्हणाले, "मूळ कोणी लिहिलंय, ते वाचलंस का तू?"

मी वाचलं नव्हतं. यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. लाल गोलाच्या आधी एक साधा मजकूर होता. यांच्याकडे पूर्वी खेळणाऱ्या, आता नगरला कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने तो इन्स्टावर टाकला होता. मी शाळेत असताना मैदानावर मला शिकवणाऱ्या सरांनी माझ्याशी वाईट वर्तन केलं, व्यायाम शिकवायच्या नावाखाली अंगाला हात लावला, मी कोणाला सांगू शकले नाही, असं तिने लिहिलं होतं. नाव नव्हतं. फोटो नव्हता. तिच्या कोणा मैत्रिणीने कोपरगाव म्हटलं, आणखी कोणी खो-खो म्हटलं, आणि भरपूर लोक बघतात अशा एका पेजने यांचा फोटो शोधून काढला.

"ती खोटं बोलणारी मुलगी नाही," हे म्हणाले.

मी यांच्याकडे पाहत राहिले. "मग?"

"तेव्हा माझ्यासोबत एक जण शिकवायचा. आठवतो तुला? मला स्पर्धांना जावं लागायचं तेव्हा मैदान त्याच्यावर सोडायचो."

मला आठवला. हसतमुख, टापटीप तरुण. आमच्याकडे जेवला होता. पुढे नोकरी लागली म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेला.

"तर मग तेच लिहा," मी म्हणाले. "आत्ता लिहा. तो होता, मी नव्हतो."

"मला माहीत नाही ना तोच होता का. मी पाहिलेलं नाही. त्याचा फोटो टाकू आणि त्याच्याभोवती गोल काढू?"

मला तेव्हा यांचा फार राग आला. आमच्या घराला आग लागली होती आणि हा माणूस न्यायाची गोष्ट करत होता.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी आमचं आडनाव काढलं आणि शिव्यांना वेगळी धार आली. 'यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा' असं लिहिणाऱ्यांत आमच्याकडे चहा पिऊन गेलेले लोक होते. विहारातली वडीलधारी मंडळी घरी आली, म्हणाली, आपण निवेदन देऊ, मोर्चा काढू. हे म्हणाले, "मोर्चा कोणाविरुद्ध काढायचा? त्या पोरीविरुद्ध?" ओळखीच्या वकिलांनी अब्रुनुकसानीची नोटीस सुचवली. नोटीस गेली की मुलगी सगळं मागे घेईल, म्हणाले. यांनी त्यालाही नकार दिला.

आमची मुलगी तेव्हा दहावीला होती. क्लासवरून आली, दप्तर ठेवलं आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही असं काही केलंय?"

मी तिला गप्प करणार होते. यांनी मला हाताने थांबवलं.

"नाही," हे म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

नंतर हे मला म्हणाले, "अख्ख्या गावात हिने एकटीने मला विचारलं." ते खरं होतं. किराणा दुकानदाराने विचारलं नाही, नुसता माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. शाळेने विचारलं नाही. माझ्या सख्ख्या भावाने श्रीगोंद्याहून फोन केला, तोसुद्धा म्हणाला, "भाऊजींना जरा इकडं पाठवून दे, वातावरण निवेपर्यंत." म्हणजे त्यालाही विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी ती मुलगी तिच्या आईला घेऊन आमच्या दारात आली. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी. पदर घट्ट ओढून घेतलेला.

"मॅडम, हिनं सरांचं नाव न्हाई घेतलं वो," ती उंबऱ्यातूनच बोलू लागली. "मला तर लिवलेलं वाचता बी येत न्हाई. शेजारनीनं सांगितलं तवा कळलं."

मी त्यांना आत घेतलं. खरं सांगायचं तर घ्यायची इच्छा नव्हती, पण हे उठून उभे राहिले आणि "या" म्हणाले. मुलगी फार वाळली होती. मैदानावर ती चित्त्यासारखी सुटायची, खांबाजवळून तिला कोणी धरू शकत नसे. आता ती सोफ्याच्या कडेला बसली होती, अंग चोरून.

"मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं सर," ती म्हणाली. "फोटोतले सर ते नाहीत, फोटो काढून टाका. त्या पेजला हात जोडून मेसेज केले. त्यांनी उत्तर दिलं नाही. खाली लोक म्हणाले, बघा, हिच्यावर दबाव आला. तुमच्यावर अजूनच चिडले."

"ते दुसरे सर?" मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. यांनी डोळे मिटले.

"आणि मला काय काय मेसेज येतात काकू," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "ताई तू वाघीण आहेस, म्हणतात. आणि मग विचारतात, नेमकं काय केलं, नीट सांग ना. रात्रंदिवस तेच. मी अकाउंट बंद केलं. मला फक्त कोणालातरी सांगायचं होतं."

हे म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

आईने तिला कोपराने ढोसलं.

"आले होते सर सांगायला," ती म्हणाली. "तुम्ही मैदान आखत होतात. तुम्ही म्हणालात, उशिरा आलीस, आधी दोन राऊंड मार. मी राऊंड मारले. मग बाकीच्या मुली आल्या."

यांना ते आठवत नव्हतं. मी यांना नंतर किती वेळा सांगितलं, तुम्हाला तेव्हा काय माहीत ती काय सांगायला आली होती. हे नुसते मान हलवतात. लाल गोलाने यांची झोप उडाली होती हे खरं, पण ती हळूहळू परत आली असती. त्या दोन राऊंडांनी हा माणूस आतून खचला.

आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. ती, तिची आई आणि मी. हे पण आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत-बाहेर करणारा प्रत्येक जण यांच्याकडे वळून बघत होता. मोबाईलवर पाहिलेला चेहरा असा समोर बसलेला. महिला अधिकाऱ्यांनी मात्र त्या मुलीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं, तिला थांबत थांबत बोलू दिलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हे आधीच करायला पाहिजे होतं. मला माहीतच नव्हतं की असं नीट ऐकतात."

त्या माणसाला अटक झाली आणि जामीनही मिळाला. त्याच्या वकिलांनी कोर्टात काय दाखवलं असेल? तेच पेज. तोच फोटो. शेकडो लोक सांगताहेत तो माणूस दुसराच आहे, मुलगी आधी एकाविषयी लिहिते आणि मग फिरते, हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. तिच्या बाजूने म्हणून जी गर्दी धावून आली होती, तिनेच त्याला वाट करून दिली. केस अजून चालू आहे. तारीख असली की ती नगरहून येते, आमच्याकडे जेवते आणि परत जाते. सणावारालाही घरी राहत नाही. गल्लीत बायका तिला बघून आवाज खाली करतात. अर्ध्यांना वाटतं तिने एका भल्या माणसाला बदनाम केलं, उरलेल्यांना वाटतं ती पैसे घेऊन फिरली.

शाळेने यांना परत घेतलं, पण मुलींचे तास काढून घेतले. पेजवरचा फोटो एके दिवशी दिसेनासा झाला. माफी वगैरे काही नाही. आमच्या शाळेतल्या त्या बाई मला म्हणाल्या, "मी तर तेव्हाच डिलीट केला होता हो."

गेल्या उन्हाळ्यात एक भाजीवाली आली. तिची धाकटी चांगली पळते, म्हणाली, सर, पुन्हा चालू करा ना. हे नको म्हणाले. मीच म्हणाले, मी येऊन बसते, रोज. सुट्टी होती. मी खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसायचे. थोड्या मुली आल्या. लहान होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. यांनी कोणाच्या खांद्यालाही हात न लावता, लांब उभं राहून, नुसतं तोंडाने सांगून शिकवायला सुरुवात केली. खांबावरची सूर मारण्याची उडी अशी शिकवता येत नाही. मुली पडायच्या, हे जागच्या जागी उभे राहायचे आणि मी उठून त्यांना उचलायचे.

मग एका सकाळी रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. त्या माणसाने मोबाईल वर धरला होता. रेंज शोधत असेल, किंवा कोणाला व्हिडिओ कॉल करत असेल. असेलही. मी उठून त्याच्याकडे जायला निघाले, तोवर तो गेला होता. मागे वळून पाहिलं तर हे मुलींना घरी जायला सांगत होते.

"सर, आत्ता तर आलो," भाजीवालीची पोर म्हणत होती.

"ऊन फार आहे," हे म्हणाले. ऊन अजून चढायचं होतं.